लीलावतीचा पत्ता

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण विचाराल तर मॅट्रिक, म्हणजे आजच्या भाषेत दहावी, आणि त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका. कॉलेजची पायरी मी चढलो ती फक्त निवडणुकीच्या कामासाठी. तरीही चार कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत, त्यांतल्या दोन ऐतिहासिक आहेत आणि गावात मला 'इतिहासाचे जाणकार' म्हणतात. या जाणकारीचा फुगा आठवीतल्या एका मुलीने टाचणी न लावता कसा फोडला आणि पुढे त्यातून मला काय मिळाले, ती हकीकत या दिवाळीला सांगावी म्हणतो.

आमची शाळा खानदेशातली. गणिताचे गुरुजी रजेवर असले की त्यांचा तास माझ्याकडे येतो आणि मुले एका सुरात ओरडतात, "सर, गोष्ट!" गणिताचा तास म्हणून गोष्टही गणिताची हवी. त्यासाठी माझ्याजवळ एक हुकमी गोष्ट होती, लीलावतीची. फळ्यावर मी पाण्याने भरलेले घंगाळ काढी, त्यात तरंगणारे घटिकापात्र काढी आणि पात्राच्या बुडाला बारीकसे भोक. भास्कराचार्यांची लाडकी लेक लीलावती. तिच्या पत्रिकेत वैधव्ययोग. तो टळायचा तर लग्न एका विवक्षित क्षणीच लागले पाहिजे. पात्र भरून बुडाले की तो क्षण. नवरीच्या वेषातली पोर कुतूहलाने पाण्यात डोकावते, तिच्या अंगावरचा एक मोती पात्रात पडतो, भोक बुजते आणि मुहूर्त कुणाच्याही नकळत निघून जातो. मग दुःखी बाप तिला म्हणतो, तुझ्या नावाचा असा ग्रंथ लिहीन की तो युगानुयुगे टिकेल. इथे माझा आवाज थोडा कापत असे. वर्गही गप्प होई.

त्या दिवशी वर्ग गप्प झाला, पण तिसऱ्या बाकावरून एक हात वर आला.

"सर, हे कुठे लिहिलंय?"

"पुस्तकात लिहिलंय, बेटा."

"कुठल्या पुस्तकात?"

मी फळा पुसायला वळलो. तेवढ्यात घंटा झाली आणि शिपायाने माझी अब्रू वाचवली.

पण घंटा काही घरी वाजत नाही. त्या वेळी मी याच लीलावतीवर कादंबरी लिहीत होतो. चौऱ्याऐंशी पाने झाली होती. बापलेकीचा संवाद, पाटण्याचे डोंगर, लग्नमंडप, सारे मोठ्या हौसेने रंगवले होते. त्या रात्री वही पुढे ओढली आणि लक्षात आले की ही गोष्ट मी कुठे वाचली तेच मला आठवत नाही. कुणीतरी सांगितली, मी सांगितली, आणखी कुणी सांगेल. चलनी नोटेसारखी ती हातोहात फिरत आली होती. ती छापली कुठे, हे मी कधी पाहिलेच नव्हते.

भाच्याला फोनवर शोधायला लावले. पाच मिनिटांत त्याने लीलावतीची गोष्ट शंभर ठिकाणी काढून दाखवली. शब्दसुद्धा जवळजवळ तेच. मात्र ती घेतली कुठून, हे शंभरांतल्या एकानेही लिहिले नव्हते. मी मनात म्हटले, आपण एकटेच नाही तर! पण एवढ्याने समाधान होईना.

दुसऱ्या दिवशी गावच्या वाचनालयात गेलो. आमच्या ग्रंथपालांना सारे गाव नाना म्हणते. चष्मा कपाळावर, हातात खळ आणि कागदाच्या पट्ट्या, आणि समोर मोडक्या पाठीचे एखादे पुस्तक. माझे सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही गोष्ट शोधू नका. माणूस शोधा. भास्कराचार्यांबद्दल खात्रीने काय ठाऊक आहे, ते आधी बघा. मग गोष्ट त्यात बसते का ते कळेल."

आणि त्यांनी कपाटातून एक जाडजूड ग्रंथ काढला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा, १८९६ सालचा, भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास. नाना म्हणाले, "हे दीक्षितही तुमच्यासारखेच मॅट्रिक झालेले शाळामास्तर. आपल्या धुळ्यालाही मास्तरकी करून गेले." हे ऐकून मला एकदम धीर आला, आणि पुढच्याच क्षणी थोडी लाजही वाटली. त्याच शिक्षणावर त्या माणसाने केवढा डोंगर उचलला होता!

दीक्षितांच्या पानांत मला दोन गोष्टी मिळाल्या. पहिली म्हणजे भास्कराचार्य स्वतःच आपला जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४, असा सांगतात आणि छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, आपण 'सिद्धान्तशिरोमणि' रचला असे लिहितात. 'लीलावती' हा त्याचाच पाटीगणिताचा भाग. दुसरी गोष्ट अधिक नवलाची. भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ एका शिलालेखात कोरलेली आहे आणि तो लेख आमच्या चाळीसगावजवळच्या पाटण्याचा! दरसाल मुलांची सहल घेऊन आम्ही पाटणादेवीला जातो. तिथल्या दगडांवर बसून दशम्या खातो. त्या परिसरातल्या एका दगडाने मला हवे असलेले उत्तर आठशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले होते आणि मी कादंबरीसाठी तिथल्या झाडांची वर्णने टिपत बसलो होतो.

शिलालेख हुडकून काढला तो डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी. मुंबईचे हे नामांकित वैद्य. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले. दिवसभर रोगी तपासावेत आणि उरलेल्या वेळात शिलालेख, नाणी, पोथ्या यांच्या मागे लागावे, असा त्यांचा खाक्या. त्यांनी हा शोध एका लेखात लिहिला होता. तो लेख संपूर्ण वाचायचा, असे मी ठरवले. पत्ता मिळाला एका इंग्रजी पुस्तकाच्या तळटिपेत. पत्ता म्हणजे काय, तर चारदोन आद्याक्षरे आणि आकडे: "जे. आर. ए. एस., एन. एस., एक, ३९२." एवढेच. मला वाटले, हा तारेचा मजकूर आहे की काय!

इथे थोडे थांबून नियतकालिकांतल्या लेखांची एक अडचण सांगितली पाहिजे. विद्वानांनी आपले शोध मासिकात किंवा त्रैमासिकात छापायचे, ही रीत युरोपात १६६५ साली सुरू झाली. त्या एकाच वर्षी पॅरिसला आणि लंडनला अशी दोन नियतकालिके निघाली. त्याआधी शोध पत्रांतून फिरत किंवा ग्रंथ पुरा होईपर्यंत पेटीत पडून राहत. आपल्याकडे मुंबईत १८०४ साली लिटररी सोसायटी स्थापन झाली. तीच पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. या शाखेचे स्वतःचे जर्नल १८४१ पासून निघू लागले. १८७२ पासून जेम्स बर्जेस यांचे 'इंडियन अँटिक्वरी' निघाले. मराठीत १८६७ साली 'विविधज्ञानविस्तार' सुरू झाला आणि पुढे पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ व त्याचे त्रैमासिक आले. आपल्या प्रांताचा निम्मा इतिहास अशा पानांत विखुरलेला आहे.

पण ग्रंथालयाच्या तालिकेत पुस्तकाला कार्ड असते, नियतकालिकालाही असते. नियतकालिकाच्या पोटातल्या लेखाला मात्र बहुधा नसते. वेशीवर गावाच्या नावाची पाटी आहे, पण आत घरांवर नंबर नाहीत, असा तो प्रकार. घरे शोधायची तर कुणीतरी गल्लोगल्ली हिंडून यादी करावी लागते. मराठीत ते काम शंकर गणेश दात्यांनी केले. त्यांनी आधी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली. ती १९४३ साली छापली गेली. पुढचा भाग १९६१ साली आला. एवढ्यावर न थांबता सहकाऱ्यांना घेऊन ते जुन्या नियतकालिकांतल्या लेखांच्या सूचीकडे वळले. १८०० ते १९५० या काळाची ती सूची मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने प्रसिद्ध केली. नानांच्या टेबलावर तिचा एक खंड असतो. त्याला ते पुस्तक म्हणत नाहीत, 'चावी' म्हणतात. अशा कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही. सूची करणाऱ्याचे नाव लोक विसरतात आणि तिच्या आधाराने लेख शोधणाऱ्याचे नाव होते.

भाऊ दाजींचा लेख मात्र इंग्रजी, तेव्हा दात्यांची चावी इथे लागू नव्हती. नानांनी आद्याक्षरे फोडली. "जर्नल ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी. मुंबई शाखेचं नव्हे हो, मूळच्या लंडनच्या संस्थेचं. मुंबईच्या जर्नलला मध्ये आणखी दोन 'बी' असतात. पुष्कळ लोक इथंच चुकतात." मग त्यांनी एका चिठ्ठीवर लेखकाचे नाव, जर्नलचे पुरे नाव, खंड आणि पान लिहून दिले. वर शिफारशीचे चार शब्द आणि वाचनालयाचा शिक्का. "जाताना ओळखपत्र घ्या, दोन फोटो घ्या आणि शाई नको, पेन्सिल घ्या," असेही बजावले.

रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो. त्या मोठ्या ग्रंथालयाचे नाव मी सांगत नाही. पुढची चूक सर्वस्वी माझी आहे. उंच खिडक्या, पंख्यांचा संथ आवाज आणि जुन्या कागदाचा तो वास. मला आजोळच्या माळ्याची आठवण झाली. मागणीपत्र भरले. तासाभराने कातडी बांधणीचा एक खंड माझ्यापुढे आला. हात धोतराला पुसतात तसे मी पँटीला पुसले आणि पहिला खंड उघडला.

अनुक्रमणिका तीनदा वाचली. भाऊ दाजींचे नाव कुठेच नाही. भास्कराचार्यांचे नाही, पाटण्याचेही नाही. माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीचाच दोष असेल म्हणून बोट ठेवून चौथ्यांदा वाचली. दुपारचे दोन वाजले. एका दिवसाची रजा टाकून, गाडीभाडे खर्चून, मी रिकाम्या हाताने परत जाणार होतो. मनात असाही विचार आला, आणि तो लपवून उपयोग नाही, की परत जाऊन वर्गात 'मुंबईला जाऊन पाहून आलो' एवढे म्हटले तरी भागेल. आठवीतली मुलगी थोडीच मुंबईला जाऊन तपासणार आहे?

खंड परत करताना टेबलामागच्या बाईंनी माझा चेहरा पाहिला आणि चिठ्ठी मागितली. मग पुस्तकाचे पहिले पान उघडून त्या हसल्या.

"गुरुजी, हा खंड अठराशे चौतीसचा आहे. भाऊ दाजी तेव्हा दहाबारा वर्षांचे असतील हो!"

चूक कळली. तळटिपेत 'एन. एस.' अशी दोन अक्षरे होती. नाना बोलण्याच्या भरात ती चिठ्ठीवर लिहायला विसरले होते आणि मला ती निरर्थक वाटली होती. त्यांचा अर्थ 'न्यू सीरीज', म्हणजे नवी माला. लंडनच्या त्या जर्नलने पुढे नवी माला सुरू केली आणि खंडांचे आकडे पुन्हा एकपासून मोजले. म्हणजे एकाच नावाचे दोन 'पहिले खंड'. एक १८३४ चा, दुसरा १८६५ चा. गल्ली तीच, नंबर तोच, पण पेठ निराळी! बाईंनी स्वतः नवे मागणीपत्र भरले आणि म्हणाल्या, "मालेचं नाव आणि साल नेहमी लिहावं. खंडाचा आकडा एकटा कधी पुरा नसतो." हे वाक्य मी पेन्सिलीने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

दुसरा खंड आला. पान ३९२. डोळ्यांपुढे अक्षरे आली तेव्हा छातीत कसे धडधडले, ते कादंबरीकार असूनही मला लिहिता येणार नाही. लेख आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल आणि भास्कराचार्य यांचा काळ ठरवण्यासंबंधी होता, सव्वीस-सत्तावीस पानांचा. पाने पिवळी आणि ठिसूळ. त्यांची छायाप्रत काढायला परवानगी नव्हती आणि ते योग्यच होते. म्हणून हाताने उतरवून घ्यायला बसलो. शब्दकोश शेजारी घेऊन, संध्याकाळी घंटा होईपर्यंत. रात्री एका विद्यार्थ्याच्या मामांकडे चाळीत झोपलो, शाळेला फोन करून आणखी एक दिवस मागितला आणि सकाळी पुन्हा हजर झालो.

उतरवून घेताना एक गोष्ट ध्यानात आली. तोवर भाऊ दाजींच्या शोधाचा उल्लेख मी कितीतरी ठिकाणी वाचला होता आणि प्रत्येक ठिकाणी तो एका ओळीत उरकला होता. 'भाऊ दाजींनी पाटण्याचा शिलालेख शोधला.' बस्स. खुद्द लेखात मात्र माणूस विचार करताना दिसतो. हा पुरावा का धरला, तो का सोडला, हे एकेक पायरीने दिसते. एका ओळीत निकाल असतो, पुरावा संपूर्ण लेखातच असतो. वर्गात मी मुलांना नेहमी सांगतो की चित्राचे वर्णन ऐकून चित्र पाहिल्यासारखे होत नाही. लेखाच्या बाबतीत मात्र मी आयुष्यभर वर्णनावरच भागवत आलो होतो.

परत आल्यावर नानांना सर्व सांगितले. त्यांनी कपाळाला हात लावला. "माझी चूक झाली, गुरुजी." मी म्हटले, "नाना, तुमच्या चुकीमुळेच मी शहाणा झालो." मग प्रायश्चित्त म्हणून की काय, त्यांनी पुढचे काम अंगावर घेतले. भाऊ दाजींचे इंग्रजी लेख त्यांच्या मृत्यूनंतर, १८८८ साली, कलकत्त्याला एकत्र छापले गेले होते. म्हणजे जर्नल मिळाले नसते तरी दुसरा रस्ता होता. आणि त्या शिलालेखावर आणखी एक लेख होता. फ्रान्झ कीलहॉर्न हे जर्मन पंडित, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. मायदेशी परतल्यानंतर त्यांनी हा शिलालेख पुन्हा वाचून 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात संपूर्ण संपादून छापला, १८९२ साली. या वेळी नानांनी पुण्याच्या एका ग्रंथालयाला पत्र लिहिले. मालेचे नाव, खंड, साल, पहिले पान, शेवटचे पान, काही म्हणता काही सोडले नाही. पंधरा दिवसांत छायाप्रत टपालाने आली. प्रतीचा आणि टपालाचा खर्च एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी.

त्या लेखातली वंशावळ अशी. त्रिविक्रम, त्याचा पुत्र भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि महेश्वराचा पुत्र आपला भास्कराचार्य. भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर. त्याला यादव राजा जैत्रपाल आपल्या पदरी घेऊन गेला. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव, राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटण्याला मठ काढला आणि त्या मठाला सोइदेव व हेमाडिदेव या निकुंभ घराण्यातल्या बंधूंनी देणगी दिली, ती नोंदवण्यासाठी हा लेख कोरला. शक ११२८, तेराव्या शतकाचा अगदी आरंभ.

लीलावती? तिचे नाव त्यात नाही.

संस्कृत श्लोकांशी माझी झटापट चालली होती. इंग्रजीच्या कुबडीवर एकेक ओळ पार करत होतो. आणि शेवटाकडे येता येता एकाएकी कुबडीची गरज कमी झाली. अक्षरे ओळखीची वाटू लागली. म्हणून पुन्हा वाचले. ती मराठी होती! आठशे वर्षांपूर्वीची, खडबडीत, पण आपली मराठी. राजस्तुती आणि वंशवर्णन संस्कृतात, पण मठाचा खर्च कसा चालायचा हा व्यवहार लोकांच्या भाषेत. बाजारात येणाऱ्या मालावर राजाला मिळणारा कर मठाला द्यावा. गावात जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांनी मठाला पळीपळी तेल द्यावे. मी कॉलेजात गेलेलो नाही, पण घाणा मला ठाऊक आहे, पळी ठाऊक आहे. एवढ्या मोठ्या गणितज्ञाचे ग्रंथ शिकवणाऱ्या पाठशाळेला पाटण्याचे तेली पळीभर तेल देत होते. हे मला कुठल्याही एका ओळीच्या उल्लेखात कधी मिळाले नसते. त्या रात्री मी बायकोला उठवून त्या ओळी वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "पळीनं तेल तर मीही मोजते. त्यात रडायला काय झालं?"

राहिला गोष्टीचा पत्ता. तोही नानांनीच लावला. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चे फारसी भाषांतर अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने १५८७ साली केले. मोती, घटिकापात्र, चुकलेला मुहूर्त, ही सारी गोष्ट त्या भाषांतराच्या प्रस्तावनेतली. तिथून ती इंग्रजी लेखकांकडे गेली आणि फिरत फिरत आमच्या फळ्यावर आली. ग्रंथ ११५० चा, गोष्ट १५८७ ची. मध्ये चारशे सदतीस वर्षे.

आता वाचक विचारतील की एवढा खटाटोप आजच्या दिवसांत कशाला? तर तेही सांगतो. मुंबईहून आल्यावर भाच्याला पुरा पत्ता दिला, नव्या मालेसकट. त्याने १८६५ चा तोच खंड संगणकावर दहा मिनिटांत काढून दाखवला. कुणीतरी कुठेतरी पानन् पान छायांकित करून ठेवले होते. मी हसलो, थोडा चडफडलोही. पण आधी त्याला तो का सापडला नव्हता? कारण आम्ही गोष्ट शोधत होतो, लेखाचा पत्ता आमच्याजवळ नव्हता. पत्ता चुकला तर मुंबईचा शिपाई जसा १८३४ चा खंड आणतो, तसा संगणकही आणतो, आणि वर 'भाऊ दाजी तेव्हा लहान असतील हो' असे सांगणारी बाई त्याच्याजवळ नसते.

शिवाय सगळेच काही उघडे नाही. जुने खंड मोकळे आहेत, पण अलीकडच्या संशोधनाची जर्नले वर्गणीच्या कुलपात आहेत आणि ती वर्गणी एखाद्या शाळेच्या सबंध वर्षाच्या पुस्तकखर्चाला भारी पडेल. यावर उपाय नव्हते असे नाही. दिल्लीला १९५२ साली 'इन्सडॉक' ही संस्था निघाली ती शास्त्रीय लेखांच्या प्रती मागणाऱ्याला पुरवण्यासाठीच. पुढे ग्रंथालयांनी एकमेकांना लेख पुरवण्याची जाळी विणली. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजनाही सुरू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार जर्नले सरकारी विद्यापीठे, महाविद्यालये आणि संशोधनसंस्था यांना खुली झाली. फार मोठी गोष्ट आहे. पण खेड्यातला चित्रकलेचा मास्तर त्या दारातून आत जात नाही. त्याच्यासाठी अजून नानाच आहेत. एक चिठ्ठी, एक शिक्का आणि दुसऱ्या गावच्या ग्रंथपालाला लिहिलेले पत्र. पाटण्याच्या मठाला तेल मिळे ते सबंध गावाकडून, पळीपळीने. आपली वाचनालयेही अशीच चालतात, कुणाच्या वर्गणीवर, कुणाच्या देणगीवर, कुणाच्या तुटपुंज्या पगारावर. घाणे थांबले तर दिवा किती दिवस जळेल?

असो. पुढच्या महिन्यात गणिताचे गुरुजी पुन्हा रजेवर गेले. मी वर्गात गेलो. मुलांनी गोष्ट मागितली. मी म्हटले, आज गोष्टीची गोष्ट सांगतो. आणि आधी मान्य केले की मागच्या वेळी मला उत्तर ठाऊक नव्हते. मग फैजी सांगितला, शिलालेख सांगितला, चांगदेव सांगितला. शेवटी म्हटले, "तेव्हा लीलावती नावाची मुलगी होती, असा काही पुरावा आपल्याजवळ नाही. शिलालेखात तिचं नाव नाही."

तिसऱ्या बाकावरचा हात पुन्हा वर आला.

"सर, पण त्या दगडावर आईचं नाव आहे का? बायकोचं?"

मी छायाप्रतीतली वंशावळ मनाशी आठवली. बाप, मुलगा, नातू. पुन्हा बाप, मुलगा, नातू. "नाही बेटा. त्या वंशावळीत सगळी पुरुषांचीच नावं आहेत."

"मग तिचं नाव नाही म्हणजे ती नव्हती, असं कसं म्हणायचं?"

वर्ग माझ्याकडे पाहत होता. मी म्हटले, "बरोबर आहे तुझं. नव्हती असं म्हणता येत नाही. होती असंही म्हणता येत नाही. गोष्ट चारशे वर्षांनंतरची आहे, एवढंच खात्रीनं म्हणता येतं." एवढे एक वाक्य प्रामाणिकपणे बोलायला मला एक मुंबईवारी आणि दोन लेख लागले होते.

माझी चौऱ्याऐंशी पाने अजून ट्रंकेत आहेत. ती मी फाडली नाहीत. कादंबरी पुरी करीन तेव्हा पहिल्याच पानावर लिहीन की ही फैजीने सांगितलेली गोष्ट आहे, इतिहास नव्हे. आणि तिच्यात मोत्याइतकीच जागा तेलाच्या पळीला देईन.

तास संपल्यावर ती मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली. "सर, त्या लेखाचा पत्ता द्या ना. मोठी झाल्यावर बघीन."

मी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिले: लेखक, जर्नलचे पुरे नाव, नवी माला, खंड पहिला, साल १८६५, पान ३९२ पासून ४१८ पर्यंत. तिने ते उतरवून घेतले, फळ्याशी ताडून पाहिले आणि 'नवी माला' या शब्दांखाली, मी न सांगताच, एक रेघ ओढली.